छातीला दोन वाट्या कशाला?

कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेत गेममधल्या बायकांच्या चिलखतावरून वाद निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "बायकांच्या चिलखताला छातीचा आकार द्यावाच लागतो, नाहीतर मावणार कसं?" हे चूक आहे.

पंधराव्या शतकातली युरोपातली पुरुषांची उरस्त्राणंच, म्हणजे छातीवरचे पत्रेच, बघा. ती अंगाला चिकटलेली नसत, पुढे फुगीर असत. आत जाड शिवलेला अंगरखा, वर पोकळी. त्या जागेत बहुतेक बायकांची छाती सहज मावते. फुगवट्याचं खरं काम म्हणजे घाव बाजूला घसरवणं. भांडी बाजारातल्या हंड्याच्या पोटावर काठी मारा, ती निसटते. दोन वाट्या ठोकल्या की मधे घळ होते, आणि घसरणारं टोक नेमकं छातीच्या मधल्या हाडाकडे येतं. जीव वाचवायच्या वस्तूत हा उद्योग कोण करेल?

रोमन सेनानी पिळदार छातीची चिलखतं मिरवत, हे खरं. तो थाट होता.

"जड म्हणून बायकांना कमी पत्रा" हेही पोकळच. पूर्ण पोलादी चिलखत साधारण 15 ते 25 किलोचं, तेही अंगभर वाटलेलं. 1429 मध्ये फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या जोन ऑफ आर्क या तरुणीसाठी तिथल्या तूर शहरात पूर्ण चिलखत घडवलं गेलं.

गेममध्येही हे जमतं. 1986 च्या 'मेट्रॉइड'ची नायिका सामुस चिलखतात इतकी झाकलेली होती, की ती बाई आहे हे खेळणाऱ्यांना शेवटी कळलं. उघडं पोट दाखवणं ही डिझायनरची निवड असते. हवं तर करा, पण लोहाराच्या नावावर खपवू नका.