रशियाचे 'उडते रणगाडे': खरं काय, खोटं काय

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पंख लावलेले रणगाडे जर्मन फौजेच्या मागे उतरवले आणि लढाई जिंकली, असा मेसेज फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतोय. लढाईवालं सगळं खोटं आहे. पण असं यंत्र खरंच बनलं होतं आणि उडलंही होतं!

त्याचं नाव ए-40, डिझाईन ओलेग अँटोनोव्हचं, हो तोच, ज्याच्या नावाच्या संस्थेची एएन-32 विमानं आपलं हवाई दल वापरतं. टी-60 हा हलका रणगाडा घेतला, त्यावर एकावर एक असे दोन लाकडी पंख आणि मागे दुहेरी शेपूट बसवली. स्वतःच्या ताकदीवर ते उडणार नव्हतंच, ते ग्लायडर होतं, टीबी-3 बॉम्बर ओढून नेणार आणि वर सोडणार, उतरल्यावर पंख काढून टाकायचे की झाला रणगाडा मोकळा.

सप्टेंबर 1942 मध्ये सर्गेई अनोखिन हा चाचणी वैमानिक ड्रायव्हरच्या सीटवर बसून उडाला. वजन कमी करायला तोफ, दारूगोळा, हेडलाइट सगळं काढलेलं, इंधनसुद्धा थोडंच, म्हणजे लढायला त्यात काहीच नव्हतं. तरी चार इंजिनांच्या टीबी-3 ला तो भार झेपेना, इंजिनं तापली आणि दोर सोडावा लागला. अनोखिनने मात्र ते धूड मॉस्कोनजीकच्या बिकोव्हो विमानतळाजवळच्या शेतात सुखरूप उतरवलं आणि रणगाडा चालवत परत आणला, ही कमाल खरी त्याची!

ओढायला पुरेसं ताकदवान विमानच नव्हतं, म्हणून प्रकल्प तिथेच थांबला. एकच नमुना, एकच उड्डाण, लढाईत कधीच नाही.