काय-वर्ग स्वातंत्र्य कसोटी : सर्वेक्षणातून अध्यापन

दोन गुणात्मक चलांचा (राहण्याची सोय, प्रवासाचे साधन अशा वर्गांत मोडणाऱ्या गोष्टींचा) परस्परांशी संबंध आहे की ती स्वतंत्र आहेत, हे वारंवारतांवरून तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी. वर्गात तिचे नाव ‘काय-स्क्वेअर’. कार्ल पिअर्सन यांनी काय-वर्ग कसोटी १९०० मध्ये मांडली. सारणीसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम (बेरजा ठरलेल्या असताना किती चौकटी मोकळेपणाने भरता येतात ती संख्या) मोजण्यातली त्यांची चूक रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केली. विद्यार्थीही नेमके तिथेच अडखळतात.

पुण्यातल्या कॉलेजात सर्वेक्षणाला दोन प्रश्न पुरतात: घरी राहता की कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत फक्त एका कॉटपुरते), आणि कॉलेजला कसे येता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोकळे ठेवले तर ‘पीएमटी’, ‘पीएमपी’ आणि ‘बस’ असे एकाच बसचे तीन वर्ग पिव्हट टेबलात (उत्तरे वर्गवार मोजणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यात) उभे राहतात. म्हणून पर्याय आधीच ठरवून द्यावेत. गूगल फॉर्मवर चेकबॉक्स तर नकोच. बस आणि पायी दोन्हींवर खूण करणारा विद्यार्थी दोन चौकटींत मोजला जातो आणि कसोटीचा पायाच ढासळतो. एक माणूस, एक चौकट.

शिकवण्यासाठी रचलेले उदाहरण घेऊ. एकूण २०० विद्यार्थी. घरी राहणारे १२०: बस ४८, दुचाकी ५४, पायी १८. कॉट बेसिसवाले ८०: बस २७, दुचाकी २१, पायी ३२. सूत्र सांगण्याआधी फळ्यावर फक्त बेरजा लिहाव्यात (१२०, ८०, ७५, ७५, ५०) आणि विचारावे: संबंध नसताच तर आतल्या चौकटींत किती आले असते? १२० × ५० ÷ २०० = ३०, हे मुले स्वतःच काढतात. सहापैकी दोन चौकटी भरल्या (एका स्तंभातल्या दोन नव्हेत) की उरलेल्या चार बेरजांमुळे आपोआप ठरतात. डिग्रीज ऑफ फ्रीडम २ का, याचे याहून चांगले स्पष्टीकरण नाही.

मग प्रत्येक चौकटीत (निरीक्षित − अपेक्षित)² ÷ अपेक्षित. बेरीज १७ येते. ५ टक्के पातळीवरची, काय-वर्गाच्या तयार सारणीतील किंमत ५.९९१, म्हणून स्वातंत्र्याचे गृहीतक नाकारायचे. इथेच थांबू नये. १७ पैकी १२ एकट्या ‘पायी’ स्तंभातून आलेले आहेत, म्हणजे फरक मुख्यतः चालत येणाऱ्यांचा आहे. बसबाबत जेमतेम ०.५. संबंधाची तीव्रता क्रामरच्या व्ही गुणांकाने पाहावी: १७ ÷ २०० चे वर्गमूळ, सुमारे ०.२९.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे संख्यांऐवजी टक्के घालणे. वरचीच सारणी एकूण १०० धरून टक्क्यांत मांडली की १७ चे ८.५ होतात. दुसरी चूक ‘किमान ५’ या नियमाची: तो अपेक्षित वारंवारतेला लागू आहे, निरीक्षित वारंवारतेला नाही. अपेक्षित संख्या फारच कमी असेल तर अर्थ लागेल असे वर्ग एकत्र करावेत. मात्र उत्तर पाहून मनासारखे वर्ग जुळवणे ही लबाडीच.

एक्सेलचे तयार फंक्शन अपेक्षित सारणीही मागते आणि थेट पी-मूल्य (संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) देते. बरेच जण तोच आकडा काय-वर्ग म्हणून वहीत उतरवतात. ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणक प्रणाली २ × २ सारणीला न सांगता येट्सची दुरुस्ती (प्रत्येक चौकटीतला फरक किंचित कमी करणारी) लावते. त्यामुळे हाताने काढलेले उत्तर तिच्याशी जुळले नाही, तर गणित खोडण्याआधी ती दुरुस्ती बंद करून पाहावे.