वैशाखाचं ऊन आणि ढोलीतला गहू

गहू वाळला की नाही हे माझी आजी दातानं ठरवायची. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, अंगणात जुन्या लुगड्यावर पसरलेला वर्षाचा गहू, आणि वैशाखातली दुपार. एक दाणा उचलून ती दाढेखाली धरायची. "कट्ट वाजलं पाह्यजे, माय. नाई वाजलं तं अजून एक ऊन दे." तीन उन्हं झाली तरी लगेच भरायची नाही. रातभर ओसरीत पसरून ठेवायची आणि पहाटे गार झालेलं धान्य ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, ओतायची. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि मग कीड होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धान्यात कीड 'आपोआप पडते' असं गावात म्हणतात, कारण ती येताना दिसत नाही. सोंडा म्हणजे धान्यातला बारीक, सोंडेचा किडा; त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. महिनाभरात त्यातून नवा सोंडा बाहेर पडतो. तुरीचा, मुगाचा भुंगा त्याहून आधी येतो. त्याची मादी शेतातल्या शेंगांवरच अंडी घालते, म्हणजे कीड पोत्यात बसूनच घरी येते.

त्यामुळे साठवणीचं निम्मं काम ऊनच करायचं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पातळ पसरलेलं धान्य हवेपेक्षाही जास्त तापतं. ५० अंशांच्या वर दाण्यातली अळी फार वेळ जगत नाही. शिवाय दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या खाली उतरला की सोंड्याची वाढही जवळपास थांबते. आजीचा 'कट्ट' हा आवाज म्हणजे तिचं ओलावा मोजायचं यंत्रच होतं.

दुसरं निम्मं काम भांड्याचं. बुरडांनी विणलेली बांबूची ढोली आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, तोंडही लिंपूनच बंद करायचं. जास्त धान्य असेल तिथे जमिनीत पेव, म्हणजे धान्याचा खोल खड्डा, असायचं. बंद पेवात धान्य आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, आणि मग किडेच गुदमरतात. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग भाषेत राहिला, पेवं मात्र बुजली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा कोठी' याच विचारावर उभी आहे: मातीच्या कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि मधे प्लॅस्टिकचा कागद.

तुरीची गोष्ट तर मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. उन्हाळ्यात घरोघरी तूर भिजवून, लाल माती लावून वाळवायचे आणि जात्यावर भरडायचे. आम्ही पोरं हे डाळीसाठीच चाललंय असं समजायचो. पण साठवणीत भुंगा अंडी घालायला अख्खा दाणाच पसंत करतो. साल काढलेल्या, फोडलेल्या डाळीत त्याची पिलावळ नीट वाढत नाही. म्हणजे डाळ करणं हीच साठवण होती. भुंगे फुटून बाहेर पडायच्या आत हे काम उरकलेलं असायचं.

कडुनिंबाच्या पाल्याला मात्र लोक फार श्रेय देतात. पाला घालायला माझी ना नाही, पण निंबातलं जोरदार द्रव्य मुख्यतः निंबोळीत असतं, आणि ओला पाला टाकला तर धान्याला उलट ओल लागते. गोवऱ्यांची राख जास्त कामाची. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, मग किडा सुकून मरतो. कडधान्याला किलोमागे चमचाभर तेल चोळलं तर अंडी उबत नाहीत.

घडी विस्कटली ती १९६० नंतर. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. ती लवकर पिकायची, कणसं पावसात सापडायची, काळी पडायची. 'हायब्रीड टिकत नाई' हे वाक्य तेव्हापासून कानावर आहे. त्याच सुमारास सरकारची धान्य वाचवा मोहीम सुरू झाली. पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि धुरी देणारी औषधंही. सल्फासच्या गोळ्या पुढे घराघरांत शिरल्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो झोपलेल्या माणसाचाही जीव घेतो. राहत्या घरात ही गोळी कधीच नको.

पुढे सोयाबीननं ज्वारीची शेतं घेतली, घरचं धान्य कमी झालं आणि ढोल्या गोठ्यात गेल्या. आता डाळ दोन-दोन किलो येते, तीही ऐन पावसाळ्यात, ऊन देता येत नाही तेव्हा. जुन्या बारदानातून कीड एका घरातून दुसऱ्या घरात फिरते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी दाल मिलमुळे काही गावांत तूर पुन्हा गावातच भरडली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे.

मूग घरी आणला की मी मूठभर ताटात पसरून खिडकीच्या उजेडात धरते. दाण्यावर चिकटलेला, नखानं खरवडावा लागणारा पांढरा ठिपका दिसला तर ते भुंग्याचं अंडं. मग पिशवी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, बाहेर काढून तशीच बंद राहू देते आणि मूग घरातल्या हवेइतका झाला की कोरड्या डब्यात भरते.