शारदा सदनामागची पायपीट

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की बोलणे त्यांच्या धर्मांतरावर येऊन थांबते. त्यांनी काढलेली विधवांची शाळा, शारदा सदन, मागेच राहते. त्यांच्या शिक्षणकार्याचे मूळ मात्र धर्मांतराच्या कितीतरी आधीचे आहे.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, लोकांचा रोष पत्करला आणि कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथेच 1858 मध्ये रमाबाई जन्मल्या. त्यांचा अभ्यास आईने घेतला, तोही तीर्थयात्रेच्या वाटेवर. पुराणे सांगत कुटुंब गावोगाव फिरे. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी चालत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले.

भाऊ गेला, विवाहानंतर दोनच वर्षांत पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या 1882 मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज ही स्त्रियांची संस्था उभी केली आणि सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका तयार करा, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्या, ही त्यांची मागणी होती. सुशिक्षित पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात, हेही त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. इतके रोखठोक बोलणारी साक्ष त्या काळात विरळाच. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला, पण जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी मदत मिळवली. बॉस्टनला स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांचा खर्च उचलला आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा गोदूबाई. पुढे तिने धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केला. विधवेला शाळेत घालणे आणि तिचा पुनर्विवाह या दोन्ही गोष्टी एकाच घरातून घडल्या, हे मला फार मोलाचे वाटते.

सदन पुण्याला हलल्यावर मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो असा आरोप झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार बायका-मुलींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथे मुक्ती सदनात लिहिण्यावाचण्याबरोबर शेती आणि विणकाम शिकवले जाई. छापखान्यातही बायकाच काम करत.