पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकललेलं बरं

एप्रिल लागला की व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज येतो: 'उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो.' तेल कंपन्या इन्कार करून थकल्या, पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर गेला की तो पुन्हा फिरतोच. टाकी काही फुटत नाही. उन्हाळ्यात पेट्रोल दगा देतं ते टाकीच्या पुढे, नळीत. गोंदियाजवळ बिरसीला शिकाऊ वैमानिक उडवतात तसल्या छोट्या विमानांत पेट्रोल इंजिन असेल, तर हा दगा जिवावर बेतू शकतो. त्याला म्हणतात व्हेपर लॉक, म्हणजे नळीत वाफ अडकून पेट्रोल तुंबणं.

द्रवाच्या वाफेचा दाब भोवतालच्या दाबाएवढा झाला की द्रव उकळतो, हे शाळेत झालंय. म्हणजे तापवलं तरी उकळेल आणि दाब कमी केला तरी उकळेल. इंजिनावरचा पंप नेमकं हे दुसरं काम करतो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढायचं म्हणजे नळीतला दाब पाडणं आलंच.

आता आकडे बघा. छोट्या विमानांत भरतात त्या '१००एलएल' नावाच्या पेट्रोलच्या वाफेचा दाब ३७.८ अंशांना ३८ ते ४९ किलोपास्कल. ५५ अंशांना तो दीडपटीच्या वर जातो. हवेचा दाब समुद्रसपाटीला १०१, दहा हजार फुटांवर जेमतेम ७०. दुपारभर डांबरावर तापलेलं विमान वर चढतं तेव्हा बाहेरचा दाब भराभर उतरतो, पंखातलं पेट्रोल मात्र तेवढ्या लवकर निवत नाही. त्यात नळी गरम इंजिनाजवळून गेलेली, मध्ये एखादं काटकोनी वळण, कचरा धरलेला फिल्टर. तिथे दाब आणखी पडतो आणि बुडबुडा धरतो. थोड्याशा पेट्रोलची वाफ सुमारे दोनशेपट जागा व्यापते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा मारावा, तसा पंप तो बुडबुडा नुसता दाबतो नि सोडतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. दाबाच्या मीटरचा काटा थरथरतो, इंजिन खोकायला लागतं.

गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलची गंमत वेगळीच. शुद्ध इथेनॉलच्या वाफेचा दाब पेट्रोलपेक्षा कमी, पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की मिश्रणाचा वाढतो. कारण त्याच्या रेणूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पेट्रोलमध्ये विखुरल्यावर सुटतात.

मेळघाटात चढावर जुन्या जीपा अशाच बंद पडायच्या. 'जागाच कडक आहे' म्हणत ड्रायव्हर नारळ फोडायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचा, आणि गाडी सुरू व्हायची. श्रेय नारळाला, काम फडक्याचं!

विमानात फडकं चालत नाही. तिथे टाकीजवळ विजेचा पंप बसवतात. तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीतला दाब पडण्याऐवजी वाढतो. टाक्या डोक्यावरच्या पंखात असतील तर थोडं काम गुरुत्वाकर्षणही करतं. नळ्यांवर उष्णतारोधक बाही चढवतात, पंपावर गार हवेचा झोत सोडतात, आणि परतीची नळी असेल तर वाफ तिच्यातून टाकीत जाते. अमेरिकेच्या जुन्या नियमांत विमानात व्हेपर लॉक होतो का याची चाचणी ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पेट्रोलवर घेत. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच त्याच्या पुढे जाते.

सगळ्यात त्रास होतो तो उतरल्यावर. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, इंजिनाच्या झाकणाखालची उष्णता कोंडते, सिलिंडरवरच्या बारीक नळ्यांत पेट्रोल उकळतं आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतं. म्हणून विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करावं आणि झाकणातली ऑइल बघायची छोटी खिडकी उघडी ठेवावी; उड्डाणाआधी मात्र ती आठवणीने लावावी.