हार्मोनियमच्या पेटीतलं ट्रान्सपोज म्हणजे नक्की काय? पेटी घेण्याआधी एकदा वाचा

दुकानात आल्यावर बरेच जण पहिलं हेच विचारतात की साधी पेटी घेऊ का ट्रान्सपोजवाली, आणि त्यात कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला असला तर तो म्हणतो आमच्याकडे ट्रान्सपोज म्हणजे मॅट्रिक्सचं, हे पेटीत कुठनं आलं. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढलं.

गाणाऱ्या प्रत्येकाचा सा वेगळा. पेटीवाल्याचा हात मात्र सहसा एकाच पट्टीत, म्हणजे ठरलेल्या एकाच सा वर, बसलेला असतो. समजा तुमचा हात पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, तयार आहे आणि आज अभंग म्हणणारे काका काळी दोनमध्ये गातात. मोजा, पांढरी एकपासून काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, म्हणजे तीन घरं वर. स्केल चेंजर म्हणजे ट्रान्सपोजवाल्या पेटीत आतली रीड, म्हणजे सूर देणारी धातूची पाती, जागेवरच राहते, वरच्या दाबायच्या पट्ट्या तीन घरं सरकवायच्या, बोटं पांढरी एकचीच आणि आवाज येतो काळी दोनचा, हेच ट्रान्सपोज. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला हेच बटणावर, +3. गाणारी काळी पाचमध्ये असेल तर +10 करा नाहीतर -2, दोन्हीकडे काळी पाचच मिळते, फक्त एक सप्तक वरखाली, कारण सप्तकात घरं 12 आणि बारा मोजली की परत त्याच स्वरावर. पट्ट्या सरकवताना एकच काळजी घ्या, भाता थांबवा आणि कुठलीही पट्टी दाबलेली नको.

राग बदलत नाही बरं का, फक्त सा हलतो. भूप कुठल्याही पट्टीत भूपच. पण पट्ट्या न सरकवता भूपाच्या त्याच पाच स्वरांत गंधाराला (ग ला) सा मानून वाजवलंत तर मालकंसाचे स्वर मिळतात आणि पंचमाला (प ला) सा मानलंत तर दुर्गाचे. त्याला मूर्च्छना म्हणतात, ते ट्रान्सपोज नव्हे, आणि हा गोंधळ शिकणाऱ्यांचा फार होतो.

आता मुलाच्या मॅट्रिक्सचं. तिथे आडव्या ओळी उभ्या होतात, उभ्या आडव्या, आणि दोनदा केलं की पहिलंच परत. एक्सेलमध्ये दरपत्रक आडवं-उभं करताना आम्हीही तेच वापरतो. गणितात याच नावाचा अजून एक प्रकार आहे, फक्त दोन वस्तूंची अदलाबदल, आणि तो आमच्या टेबलावर नेहमी दिसतो. लोक घरी पेटी उघडून रीड पुसतात आणि लावताना शेजारच्या दोन उलटसुलट लावतात, मग सा दाबला की रे वाजतो, रे दाबला की सा. एका अदलाबदलीत काम होतं. पण तीन रीड गोल फिरल्या असतील, म्हणजे पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली, तर दोन अदलाबदली लागतात, एकीत जमतच नाही. हे गणितानेच ठरलेलं आहे. तेव्हा रीड काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, एवढं नक्की करा.

बुद्धिबळवाल्यांचं तिसरंच. आमच्या शेजारी सांगली, बुद्धिबळाची पंढरी, तिथली गिऱ्हाइकं असतात म्हणून सांगतो. पांढऱ्याने प्यादं डी4 या घरात, काळ्याने डी5 मध्ये, मग सी4 आणि ई6. आता दुसऱ्या क्रमाने, सी4 ई6, मग डी4 डी5. पटावर मांडून बघा, सोंगट्या अगदी त्याच घरांत. वेगळ्या वाटेने त्याच मांडणीवर येणं, हे त्यांचं ट्रान्सपोजिशन. म्हणजे तिथे चालींचा क्रम बदलतो आणि जागा तीच राहते, आपल्याकडे बरोब्बर उलटं, जागा बदलते पण क्रम हलवायचा नाही, सा रे ग चं ग रे सा केलंत तर गाण्याची चालच गेली.

आता पैशाचं बोलू. स्केल चेंजर महाग असतो आणि वजनालाही जड. तुम्ही एकटेच गाता-वाजवता, पट्टी ठरलेली आहे, तर साधीच घ्या, आम्हीच सांगतो. भजनी मंडळ असेल, दर आठवड्याला गाणारं वेगळं, तर मात्र जरूर घ्या.

आणि गंधार ट्यूनिंग करून घ्यायचं असेल तर आधी बोला. ट्रान्सपोज चालतं ते बाराही घरं सारख्या अंतराची असतात म्हणून, प्रत्येक सूर आधीच्याच्या साधारण 1.0595 पट. त्यात गंधार सा च्या 1.26 पट येतो, आणि तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार 1.25 पट, थोडासा उतरलेला, कान तयार असेल तर लगेच टोचतं. गंधार ट्यूनिंगमध्ये रीड तासून तो फरक काढतात, पण तो एकाच सा साठी. पट्ट्या सरकवल्या की नवा सा दुसऱ्या रीडवर जातो आणि सगळं बेसूर. दोन्ही एका पेटीत मागू नका, पैसे वाया जातील.

तबलजीला पण आधी सांगून ठेवा, पेटी तीन घरं सरकली म्हणून तबला आपोआप चढत नाही, उगाच ताणलात तर पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, जाते, त्या पट्टीचा दुसरा तबला लागतो.

पट्टी माहीत नसेल तर गाणाऱ्यालाच सोबत घेऊन या, चार ओळी म्हणायला लावू, मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) आरामात जातो का बघू आणि मग पेटी काढू.