सोडा घातला आणि मासे धापा टाकू लागले

माशांची टाकी लावून सहा दिवस झाले होते. टाकीतलं पाणी नितळ होतं, फिल्टर चालू होता, दाणे टाकले की आठही पिवळे मासे वर झेपावत होते. त्या संध्याकाळी मासे पाळणाऱ्या एका मित्राकडून कळलं, की आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना, म्हणजे माझ्या टाकीतल्या या सिक्लिड कुळातल्या माशांना, अल्कधर्मी पाणी लागतं, सामू (pH) आठच्या आसपास. माझ्या नळाच्या पाण्याचा सामू जेमतेम सात. घरात खायचा सोडा होताच. दोन चमचे सोडा मगभर पाण्यात विरघळवून शंभर लिटरच्या टाकीत ओतला. रात्री अकरा वाजता सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडून धापा टाकत होते. सकाळी त्यातले पाच मेलेले होते.

सोड्याने मासे मारले असं मी बरेच दिवस समजत होतो. ते अर्धंच खरं होतं. विष टाकीत आधीच जमलं होतं, सोड्याने त्याला धार आणली. ही गोष्ट समजली तर पहिली सिक्लिडची टाकी लावण्यातलं निम्मं काम झालं, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

मासे अमोनिया बाहेर टाकतात, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं अन्न कुजलं की त्यात भर पडते. पाण्यात गेल्यावर हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, म्हणजे विद्युतभार असलेला आयन. तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो शिरतो आणि मासा गुदमरतो. कोणतं रूप किती, हे पाण्याचा सामू ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. सामू ८ झाला की तोच आकडा पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि ८.५ ला १५ टक्के. म्हणजे त्या रात्री टाकीत नवं काही विष आलं नव्हतं. होतं तेच काही तासांत दहापट मोकळं झालं.

गप्पी किंवा गोल्डफिशच्या टाकीत घाई केली तर एखाद वेळ निभावतं. सिक्लिडच्या टाकीत निभावत नाही, ते यामुळे. त्यांना मानवणारं पाणीच असं आहे, की त्यात चूक लगेच भोवते.

असं पाणी या माशांना का मानवतं, हे सरोवराकडे पाहिलं की कळतं. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये, पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत हे सरोवर पसरलं आहे. मुंबईहून गोव्याला रस्त्याने जितकं अंतर, साधारण तितकी त्याची लांबी. खोली ७०० मीटर. दक्षिण टोकाकडून शिरे नदी बाहेर पडते आणि झांबेझीला मिळते, पण सरोवरातलं बहुतेक पाणी नदीवाटे जातच नाही, उन्हाने वाफ होऊन जातं. क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू साधारण ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो.

दुकानात पुष्कळदा सांगतात, ‘आफ्रिकन आहेत, मीठ टाका.’ ते टाकू नये. मलावीचं पाणी खारं नाही. ते फार जडही नाही. आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी त्याहून जड असतं. त्या पाण्यात महत्त्वाचं आहे ते बायकार्बोनेट, जे सामू घसरू देत नाही. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर बहुधा काहीच घालावं लागणार नाही. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मात्र मऊ असतं. त्यात १०० लिटरला ५ ग्रॅम खायचा सोडा घातला की बायकार्बोनेटची क्षारता साधारण दीड-पावणेदोन अंशांनी (टेस्ट किटवरचे dKH) वाढते. पण तो घालायचा टाकीत मासे नसताना, किंवा बदलायच्या पाण्यात बादलीतच मिसळून. माझ्यासारखा मासे असलेल्या टाकीत ओतायचा नाही.

मग अमोनियाचं काय? त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि दगडांवर काही जिवाणू वस्तीला येतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच असतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य; दर आठवड्याला पाणी बदलून ते कमी ठेवता येतं. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी माशांविना चालवायची. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहायचं, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर वेळ वाचतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. रिकाम्या टाकीकडे महिनाभर बघत बसणं घरच्यांना चमत्कारिक वाटतं, मुलं तर रोज विचारतात. पण या छंदात मला सगळ्यांत मोलाचा महिना तोच वाटतो.

या जिवाणूंना क्लोरीन सोसत नाही. नळाचं पाणी बदलताना हायपो, म्हणजे क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे, घालायचा, आणि स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा.

टाकी किती मोठी? चार फूट लांबीपेक्षा लहान घेऊ नका. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण २४० लिटर पाणी मावतं, म्हणजे दगड-काचेसकट वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास जातं. स्टँड मजबूत हवा, काचेखाली थर्माकोल हवा. इतकी लांबी लागण्याचं कारण माशांच्या स्वभावात आहे.

नवशिक्याला दुकानात मिळतात ते बहुतेक ‘मबुना’. खडकांत राहणाऱ्या या माशांचं हे नाव सरोवराकाठच्या टोंगा लोकांच्या बोलीतलं आहे. किनाऱ्यालगतच्या खडकांवर शेवाळाचा मऊ थर असतो, त्यात बारीक किडे-जीव असतात. मबुना तो थर खरवडून खातात. चांगली कपार म्हणजे अन्न, आसरा आणि मादीला बोलावायची जागा, सगळं एकत्र. अशा कपारीसाठी नर भांडतो. सरोवरात हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळायला जागा नसते, आणि मार खाणारा दोन दिवसांत संपतो.

म्हणून दगड रचावे लागतात, टाकीच्या मागच्या बाजूने वरपर्यंत, भरपूर कपारी ठेवून. हे मासे वाळू उकरतात, त्यामुळे दगड आधी थेट तळाशी टेकवायचे, मग भोवती वाळू टाकायची. उलट केलं तर उकरलेल्या वाळूवरून ढीग कलंडून काच फुटते. आपला काळा बसाल्ट चांगला, तो पाण्याचा सामू बदलत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे त्याहून चांगले. तो चुनखडक आहे, सामू टिकवायला मदतच करतो. व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा, बारीक बुडबुडे येतात. मी अशा तुकड्यांच्या कडा घासून, एकावर एक तिरपे रचून पूर्ण भिंत उभी केली आहे.

मासे घेताना आधी ‘मिक्स आफ्रिकन’ लिहिलेल्या टाकीपासून दूर व्हा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ऑराटस लहानपणी फार देखणा दिसतो. मोठा झालेला नर टाकीतल्या बाकीच्यांना जगू देत नाही. सुरुवातीला पिवळा लॅबिडोक्रोमिस, ज्याला सगळे येलो लॅब म्हणतात, आणि पिवळ्या शेपटीचा निळसर एसेआय, या दोनच जाती घ्या. दोन्ही मबुनांमध्ये शांत. प्रत्येकी सहा-सात पिल्लं एकदमच आणावीत. थोडे मासे ठेवले तर एकावरच मार पडतो, जास्त असले की राग वाटला जातो. मोठे झाल्यावर एका नरामागे तीन माद्या राहतील असं पाहायचं.

दोनच आणि तेही वेगवेगळ्या दिसणाऱ्या जाती, हा आग्रह मी माशांच्या शांततेपुरता धरत नाही. या सरोवरात सिक्लिडच्या ८०० हून जास्त जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या जगात इतरत्र कुठेही सापडत नाहीत. त्या फार तरुण जाती आहेत. मुख्यतः गेल्या दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात फुटल्या. दोन जातींच्या डीएनएची तुलना केली तर हजार अक्षरांत एक-दोन अक्षरांचा फरक निघतो, आणि दोन माणसांतही साधारण हजारात एकाचा असतो. मग त्या वेगळ्या राहिल्या कशा? बरीचशी माद्यांच्या निवडीमुळे. मादी आपल्याच रंगाचा नर ओळखते. १९९७ साली जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्याच व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडबाबत दाखवलं, की पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले, की जाती एकमेकींत मिसळू लागतात. टाकीत माणूस हेच करतो. योग्य नर नसला की मादी दुसऱ्या जातीच्या नराकडे जाते, संकर होतो, आणि ती पिल्लं येलो लॅब म्हणूनच पुढच्या घरात पोचतात. एका सरोवराने लाखो वर्षांत वेगळं केलेलं आपण दोन पिढ्यांत कालवून टाकतो, याचं मला खरोखर दुःख होतं.

सिक्लिड हे कुळ आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर भारतातला मूळचा सिक्लिड आहे. त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत. आणि उजनीच्या बाजारातली चिलापी म्हणजे तिलापिया, तीही आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि पुढे तलावा-नद्यांत पसरून स्थानिक माशांच्या जागेवर बसला. नकोसा झालेला मासा जवळच्या तळ्यात सोडण्याआधी ही चिलापी आठवावी.

खाण्याबद्दल थोडक्यात. शेवाळ खाणाऱ्या मबुनांचं आतडं लांब असतं. त्यांना स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य द्यावं, दिवसातून एकदोनदा, मिनिटभरात संपेल इतकंच. आठवड्यातून एक दिवस उपास. मांसाचे तुकडे, ब्लडवर्म (लाल अळ्या) देऊ नका. फार सकस खाणं, खराब पाणी आणि सततचा छळ एकत्र आला की मासा खाणं सोडतो, कोपऱ्यात लपतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो आणि पोट फुगून मरतो. याला मलावी ब्लोट म्हणतात. पोट फुगल्यावर क्वचितच मासा वाचतो, पण खाणं सोडलेल्या दिवशी लक्षात आलं तर बरेचदा वाचवता येतो.

एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोकळ्या अमोनियाचं प्रमाणही वाढतं. पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा, खाणं कमी करावं, वीज जाण्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवावा. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात २५ अंशांवर लावलेला हीटर हवा.

सगळं नीट बसलं, की साधारण वर्षभरात एक दिवस नर एखाद्या दगडाजवळची वाळू उकरून खळगा करतो आणि थरथरत मादीसमोर फिरतो. मादी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडलं, की मादी त्या ठिपक्यांनाही अंडी समजून टोचते, आणि तेव्हा नराचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात.

त्यानंतर सुमारे तीन आठवडे ती जवळपास काहीच खात नाही. गळ्याखाली पिशवी फुगलेली असते आणि आत अंडी फिरवत राहण्यासाठी जबडा सतत हलत असतो. दाणे टाकले की माझ्या टाकीतली मादी इतरांबरोबर वर येते, दाण्याजवळ थांबते, आणि तोंड मिटलेलंच ठेवून फरशीच्या कपारीत परत जाते.